खोंड आदत हाय म्हणलो

मी शेळगावचा. घर आमचं बौद्ध. बापानं छप्पन सालानंतर दीक्षा घेतली आन दुसऱ्याच दिवशी म्हणला, आता मेलेलं ढोर वढायचं न्हाय. बरं झालं. पण जित्या ढोराची पारख त्याच्या हातात व्हती, ती काय कुठं गेली न्हाय, ती त्यानं मला दिली. एका हातानं नाकपुड्या धरायच्या, दुसऱ्या हातानं खालचा ओठ वढायचा, आन अंगठा दातावरनं फिरवायचा. खालचाच ओठ, कारण बैलाला वरच्या जबड्यात म्होरं दातच नसत्यात. हसू नका, शिकलेल्या लोकास्नी बी ठावं न्हाय हे.

आता तुमी लिवून घेताय तर नीट घ्या. तोंडात दुधाचेच दात हायत तवर खोंड आदत. म्होरले दोन पडून पक्के आले का दुसा, चार आले का चौसा. छकड्यांच्या शर्यतीत आदत आदतसंगं पळायचा, दुसा दुश्यासंगं. का? तर कवळ्या खोंडाला दुसा असा मागं टाकतो का ते खोंड मनानंच खचतं, पुन्यांदा पळायला बघत न्हाय. म्हणून सकाळी जुंपायच्या आदी कुणीतरी दात बघाय लागतो, आन बारामती-इंदापुराकडच्या मैदानात तो माणूस मी व्हतो. गावात मला किसन्या म्हणायचे, माज्या लेकाच्या वयाची पोरं बी किसन्याच म्हणायची. पण मैदानात भोंग्यावरनं पुकारा व्हायचा, किसनराव आलं का बघा, किसनराव आल्याबिगर गाडी जुंपायची न्हाय. काय सांगू तुमास्नी, लई बरं वाटायचं. मी दुसा म्हणलो का मोठमोठे बागाईतदार खोंड सोडून मागं घेऊन जायचे, हूं का चूं न्हाय.

माजी लेक सुजाता, भिगवणकडं दिलेली. जावई मिलिंद एमआयडीसीत कामाला, मोटरसायकलवर जायचा-यायचा, आन ध्यान समदं खोंडाकडं. कशावरनं तरी भांडाण झालं आन लेक माज्याकडं आली ती तीन महिनं ऱ्हायली. मी दोनदा हातापाया पडून आलो, पण न्हाय म्हणला. आन यात्रेतल्या मैदानाच्या आदल्या दिशी आपणहून आला, च्या प्याला, आन म्हणला मामा, माजं खोंड आदतीत लावलंय, दात जरा वर आलाय, तेवढं संबाळा, मैदान झालं का सुजाताला न्यायला येतो. मी म्हणलो, आरं दुश्यात पळीव की, कोण न्हाय म्हणतंय? तर म्हणला, दुश्यात टिकायचं न्हाय ते, आन समद्या कंपनीत सांगून बसलोय मी. लेक दाराआडनं ऐकत व्हती. बोलली आसती, आबा नका म्हणली आसती, तर बरं झालं आसतं. पण तिचा तरी काय दोष, तिला घर पायजे व्हतं.

सकाळी खोंडाचा ओठ वढला. अंगठ्याला पक्क्या दाताची धार लागली, करवतीवानी. पंच वही घेऊन हुबा, म्हणला बोला किसनराव. मी म्हणलो, आदत हाय.

झेंडा पडला आन जावयाची गाडी सुटली ती कुणाला घावलीच न्हाय. तास बी सोडला न्हाय तिनं, तास म्हंजी ज्या त्या गाडीची पळायची वाट, ती सोडली का गाडी बाद. गट म्हंजी पयली फेरी, ती मारली, फायनल मारली, बक्षिसाची ढाल घेतली. दुसऱ्या लंबरला इंदापूरचे तात्या, सत्तरीचा माणूस, खोंड पोरावानी वाढवलेलं. ते गर्दीतनं सरळ आले आन खोंडाचा ओठ खाली वढला. समद्यांनी बघितलं. पंच म्हणला, किसनराव, हे काय? आन मी येड्यावानी काय बोललो ठावं हाय का? म्हणलो, सकाळी न्हवता. आख्खं मैदान हसलं. कोण वरडलं, दुपारच्या उन्हानं उगवला व्हय रं किसन्या? तात्या हसले न्हाईत. म्हणले, तुमी बघणार म्हणून मी माजं खोंड आणलं व्हतं. बस, एवढंच म्हणले आन गेले. ढाल माघारी गेली, गाडी बाद झाली. पुन्यांदा मला कुठल्या मैदानाचं बोलावणं आलं न्हाय. किसनराव त्या दिशी तितंच मेला.

जावई शबदाला जागला, तेवढं खरं. चौथ्या दिशी लेकीला घेऊन गेला. दोन लेकरं झाली, नांदतीया, सुखात ऱ्हावो, आपण दुसरं काय म्हणणार.

परवाच्या उन्हाळ्यात जावई दुश्यात पळवायला नवं खोंड घ्यायला बारामतीच्या बाजाराला निघाला, म्हणला मामा चला. मला वाटलं, दात बघायला नेतोय. कापडं धुतलेली घातली मी. बाजारात व्यापारी म्हणला, दुसा हाय, बघून घ्या. मी बाह्या वर सारल्या, म्होरं झालो. तर जावई म्हणला, ऱ्हाऊ द्या मामा, तुमचं काय, तुमी काय बी सांगता. समद्यांदेखत. आन दुसऱ्या कुणाला तरी हाक मारली. मी कासरा धरून हुबा ऱ्हायलो. त्या माणसानं ओठ वढला, बघितलं, म्हणला व्हय, दुसाच हाय. मी शेजारीच व्हतो, मला हुब्या हुब्या दिसलं. चार पक्के दात, चौसा व्हता तो, चांगला चौसा. जावयानं येसण धरली, खुश झाला. मला कोण इचारलं न्हाय, मी बी सांगितलं न्हाय.