मऊ बोलण्याचा क्लास

अलकनंदा : डोकं हलवू नकोस, तेमी!

तेमी : मी हलवत नाहीये. तू ओढतेयस.

अलकनंदा : ओढणारच. तुझे केस कुठे संपतात आणि विकतचे कुठे सुरू होतात, तेच कळत नाही. कोणी घातल्या या वेण्या? जन्मभर राहाव्यात म्हणून घातल्यासारख्या आहेत.

तेमी : फ्लॉरेन्सने. आणि आज ती यायची नाही. नवऱ्याचा कोविडचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

अलकनंदा : हे तू मला आत्ता सांगतेस? अर्धं डोकं सोडून झाल्यावर?

तेमी : मेसेजच आत्ता आला. बघ, फोन हातात आहे माझ्या.

अलकनंदा : अरे यार! सगळी सलोन बंद, पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, तासाभरात तुझा इंटरव्ह्यू. आणि मला साधी तीन पेडांची वेणी सोडून काही येत नाही. आता?

तेमी : आता विग.

अलकनंदा : तो तपकिरी, सरळ केसांचा? तुझ्या त्या मऊ बोलण्याच्या क्लासच्या कोचबाईने घ्यायला लावलेला?

तेमी : सेलेस्टीनने घ्यायला लावला नाही. सुचवला.

अलकनंदा : बरंच काय काय सुचवते ती. हळू चाल, हळू हस, जड पिशवी उचलू नकोस, पुरुष दार उघडेपर्यंत दाराशी उभी राहा. परवा सुपरमार्केटच्या दाराशी आपण दोघी उभ्या होतो, आठवतंय? दार आपोआप उघडणारं होतं!

तेमी : चेष्टा इंटरव्ह्यू झाल्यावर कर. आता प्रश्न विचार. तू नोरीन, माझी मॅनेजर.

अलकनंदा : मी नोरीन. ठीक. ‘तेमिटोपे, आमच्या या नर्सिंग होममध्ये तू इतकी वर्षं म्हाताऱ्या माणसांची सेवा करते आहेस. तुला हेड नर्स का व्हायचंय?’

तेमी : ‘थँक यू, नोरीन. हे विचारलंत याबद्दल मी खूप आभारी आहे. मला वाटतं, म्हणजे, तुम्हा सर्वांना योग्य वाटत असेल तर, टीमला थोडासा हातभार लावायला मला आवडेल.’

अलकनंदा : हे काय होतं?

तेमी : मऊ आवाज. पोटातून काढायचा नाही, गळ्याच्या वरच्या वर काढायचा. आणि वाक्य संपताना हसायचं.

अलकनंदा : तेमी, तू ट्रलीत वाढलीस. आयर्लंडच्या त्या कोपऱ्यातली, केरीची माणसं रस्त्याच्या या टोकावरून त्या टोकाशी गप्पा मारतात, हे तूच सांगितलंस मला. आणि हा हातभार वगैरे काय? गेल्या एप्रिलमध्ये नोरीन स्वतः आजारी पडली तेव्हा ती अख्खी बिल्डिंग कोणी चालवली?

तेमी : मी.

अलकनंदा : मग तसं सांग ना! थांब, आईचा व्हिडिओ कॉल येतोय. नाही उचलला तर नागपूरहून पोलिसांना फोन करेल ती. हॅलो, आई, मी जरा घाईत आहे.

आई : तू नेहमीच घाईत राहते. काय करून राहिली? आणि हे काय आहे वो तुझ्या हातात?

अलकनंदा : केस, आई. तेमीचे. माझ्यासोबत राहते ती. तिला आज मोठ्या पोस्टसाठी इंटरव्ह्यू आहे, कॉम्प्युटरवरून. तेमी, आईला हाय म्हण.

तेमी : गुड आफ्टरनून, आंटी!

आई : हां, हां, गुड आफ्टरनून. अलके, तिला म्हणावं, केसांना खोबरेल तेल लाव. किती कोरडे झालेत.

तेमी : काय म्हणाल्या आंटी?

अलकनंदा : म्हणाली, ऑल द बेस्ट.

तेमी : त्यात ‘कोकोनट’सारखं काहीतरी होतं. मला वास येतो खोट्याचा, अलका.

अलकनंदा : तेल लाव म्हणाली.

तेमी : रात्रीच लावलंय. खोबरेलच. सांग त्यांना.

अलकनंदा : आई, तिने लावलंय तेल. आता मी फोन टेबलावर ठेवते, तू गप्प बस, आम्ही प्रॅक्टिस करतोय. हं, तेमी. ‘तुझा एखाद्या डॉक्टरशी मतभेद झाला, तर तू काय करशील?’

तेमी : ‘मी आधी त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेईन. कदाचित माझीच काहीतरी चूक झाली असेल, असं मला वाटेल...’

आई : अलके, बिमार आहे का ही पोरगी?

अलकनंदा : नाही, आई.

आई : मग आवाज काहून निघून नाही राहिला? कोविड तर नाही झाला तिला? दूर उभी राह्य.

तेमी : आता काय म्हणाल्या?

अलकनंदा : विचारतेय, तू आजारी आहेस का. तुझ्या मऊ आवाजाने तिला वाटलं कोविड झालाय! तेमी, माझ्या आईला यातलं अर्धं इंग्रजी कळत नाही. तिला पण कळलं की हा तुझा आवाज नाही. सोडून दे ना तो बकवास कोर्स!

तेमी : कंगवा ठेव.

अलकनंदा : काय झालं?

तेमी : ठेव म्हटलं ना. इकडे ये, समोर उभी राहा. मला तुझं तोंड बघून बोलायचंय. तू बकवास म्हणालीस. तुला माहितेय, मी त्या कोर्सला का गेले?

अलकनंदा : कारण मागच्या वेळी त्यांनी प्रमोशन नाकारलं. म्हणाले, तुझी लोकांना भीती वाटते.

तेमी : ते एक. दुसरं सांगते. आपण दोघी बसमधून उतरतो, तेव्हा तुला कोणीतरी विचारतं, थंडी वाजतेय का, बॅग देऊ का. तू एवढीशी आहेस, तुला विचारतात. मला आजवर कोणी विचारलेलं नाही. शाळेत मी तेरा वर्षांची होते, तर बाई म्हणायच्या, तेमी मोठी आहे, तेमी टेबलं उचलेल. माझं अपेंडिक्स फुटायला आलं होतं, तर डॉक्टर म्हणाला, तुझ्यासारख्या मुली कणखर असतात, थांब थोडी. वॉर्डात एखादा म्हातारा हात उगारायला लागला की मलाच बोलावतात. स्ट्राँग, स्ट्राँग, स्ट्राँग. शिवीसारखा वाटतो मला तो शब्द.

अलकनंदा : तेमी...

तेमी : बोलू दे. ती सेलेस्टीन पहिल्या दिवशी स्क्रीनवर आली. माझ्याहून काळी, माझ्याहून रुंद, गुलाबी ड्रेस घातलेला. आणि म्हणाली, तुम्हाला नाजूक असायला परवानगी आहे. आम्ही सगळ्या काळ्या बायका, आपापल्या खोल्यांत, कॅमेरे बंद करून रडलो. ते बकवास होतं?

अलकनंदा : नाही. ते नव्हतं.

तेमी : आणि तो विग मला आवडतो. त्यात मी सुंदर दिसते. तू लिपस्टिक लावतेस तेव्हा मी तुला भाषण देते?

अलकनंदा : नाही देत. सॉरी. विगबद्दल मी काही बोलणार नाही. पण आवाजाबद्दल बोलणार. नाजूक असायला परवानगी दिली ना तिने? मग नाजूक राहा. पण ‘माझीच चूक असेल’ हे त्यात कुठून आलं? ते तर आपल्याला कोणीही फुकट शिकवतं!

आई : अलके, काहून भांडून राहिल्या तुम्ही दोघी? आता पाहा, आता चांगला आवाज आहे तिचा. खणखणीत. असं बोल म्हणावं तिथं.

अलकनंदा : आई, तू तर बोलूच नकोस.

तेमी : काय म्हणाल्या?

अलकनंदा : म्हणाली, हा आवाज चांगला आहे.

आई : आणि विचार, जेवली का ती? डोळे पाहा कसे ओढले आहेत. पोरगी थकली आहे.

तेमी : अलका, सांग ना. काय?

अलकनंदा : विचारतेय, काही खाल्लंस का. म्हणाली, तू थकलेली दिसतेस.

तेमी : मला विचारलं त्यांनी?

अलकनंदा : तेमी?

तेमी : काही नाही. सांग आंटींना, नाही खाल्लं. आणि हो, थकलेय. विग आण, प्लीज. जिन्याखालच्या प्रेसमध्ये आहे.

आई : प्रेस? केसांना इस्त्री करते का ती?

अलकनंदा : प्रेस म्हणजे कपाट, आई. इथे तसंच म्हणतात. तेमी, हा घे. आणि हे केळं. खा आधी. नाही, चालता चालता नाही, बसून खा.

(तेमी विग घालून खोलीत जाते, दार लावून घेते. फोन स्वयंपाकघराच्या टेबलावर, साखरेच्या डब्याला टेकवून उभा.)

आई : गेली का?

अलकनंदा : गेली. हळू बोल. भिंती पातळ आहेत.

आई : तू माझ्यावर काहून चिडली मघाशी?

अलकनंदा : काहून! शिरीषच्या घरचे मला बघायला आले होते, आठवतंय? त्याच्या काकांनी विचारलं, आयर्लंडमध्ये काय काम करतेस. मी सांगायला लागले, कॉम्प्युटरची चिप कशी बनते. तू टेबलाखालून पाय दाबलास माझा. नंतर त्यांच्याकडून निरोप आला, मुलगी फटकळ आहे. तेव्हा तू म्हणालीस, जरा मऊ बोलली असतीस तर काय बिघडलं असतं. आणि आज या पोरीला म्हणतेस, खणखणीत बोल?

आई : ते लग्नाचं होतं, बाई. हे नोकरीचं आहे.

अलकनंदा : म्हणजे नोकरीत तोंड उघडायचं आणि घरी शिवून ठेवायचं?

आई : मी तेच केलं ना जन्मभर. शाळेत चाळीस पोरं माझ्या आवाजानं गप्प बसत. घरी आली की तुझ्या आजीपुढं मांजर. मला वाटलं, असंच असतं. तुला त्रास नको म्हणून म्हटलं.

अलकनंदा : त्रास व्हायचा तो झालाच. हळद आणि साय चोळून चोळून माझी कातडी सोललीस. दरवर्षी. गोरी व्हायला.

आई : झाली नाहीच तू.

अलकनंदा : आई!

आई : खरं तेच बोलली. आणि चांगली दिसते. आता काय करू, पाया पडू तुझ्या?

अलकनंदा : आणि मी या घरात राहायला आले, तेव्हा काय म्हणालीस? काळ्या मुलीसोबत राहू नको, दुसरं घर पाहा. आठवतंय का?

आई : आठवते.

अलकनंदा : बस, एवढंच?

आई : माहीत नव्हतं मला. कोणी पाहिली होती अशी पोरगी? टीव्हीवर पाहिली होती, मारामारीच्या पिक्चरमध्ये. ही तर तुझ्यासारखीच उपाशीपोटी इंटरव्ह्यूला बसून राहिली. चुकलं माझं. तिला सांगू नको.

अलकनंदा : शू! ऐक. आवाज वाढलाय आतला.

आई : मोठ्यानं बोलून राहिली. चांगलं आहे का हे?

अलकनंदा : माहीत नाही गं. मला शब्द ऐकू येत नाहीयेत. अरे देवा. हसतंय कोणीतरी. आता एकदम शांत.

आई : रडून तर नाही राहिली?

अलकनंदा : गप्प, आई, गप्प. दार उघडलं. तेमी? काय झालं?

तेमी : पाणी दे आधी.

अलकनंदा : हे घे. बोल ना!

तेमी : सुरुवातीला मऊ बोलले. दहा मिनिटं. त्यांचे चेहरे बघितले. मालक तर दुसऱ्या खिडकीत ई-मेल वाचत होता, चष्म्यात दिसत होतं मला. मग नोरीन म्हणाली, काही नातेवाइकांना तू जरा कडक वाटतेस, हेड नर्स म्हणून त्यांच्याशी कशी वागशील?

अलकनंदा : आणि तू?

तेमी : मला वाटलं होतं हसावं. हसू आलंच नाही. मी म्हटलं, एप्रिलमध्ये याच नातेवाइकांना आत येता येत नव्हतं. त्यांच्या आईवडिलांच्या तोंडासमोर टॅब्लेट धरून मी उभी होते. बहिऱ्या माणसाला मुलाचा निरोप ऐकू यावा म्हणून मी ओरडून सांगत होते, पॅट म्हणतोय त्याचं तुमच्यावर प्रेम आहे. मास्कमधून. दोन-दोनदा. तेव्हा माझा आवाज मोठा आहे अशी तक्रार कोणी केली नाही.

अलकनंदा : बापरे.

तेमी : मग माझाच आवाज फुटला. कॅमेऱ्यासमोर. मी सहा वर्षांत तिथे एकदाही रडले नाहीये. म्हटलं, एक मिनिट द्या. आणि त्यांनी दिलं. नोरीनने चष्मा काढला. मालकाने ते ई-मेल बंद केलं. पुढचं सगळं मी माझ्याच आवाजात बोलले, ट्रलीच्या. एकदा तर युअर मॅन, तो मालक, खळखळून हसला.

आई : अलके, काय म्हणते ती? सांग ना मला!

अलकनंदा : सांगते, आई, सांगते. तेमी, मग निकाल?

तेमी : म्हणाले, आजच फोन करतो. बघ, हा आलाच. नोरीन आहे. मी बाहेर जाऊन बोलते.

आई : आता कुठं चालली?

अलकनंदा : मागच्या अंगणात. निकालाचा फोन आहे, आई.

आई : दिसून राहिली का तुला?

अलकनंदा : खिडकीतून दिसतेय. फेऱ्या मारतेय. मान हलवली. आता थांबली. डोक्याला हात लावला.

आई : म्हणजे नाही झालं?

अलकनंदा : कळत नाही. तिने फोन ठेवला. येतेय. तेमी!

तेमी : दिली पोस्ट. एक तारखेपासून.

अलकनंदा : तेमी! आई, झालं, झालं! मिळाली तिला पोस्ट!

आई : काँग्रॅच्युलेशन, बेटा! खूप मोठी हो!

तेमी : थँक यू, आंटी. ते समजलं मला.

अलकनंदा : मग तोंड असं का केलंयस? एवढा वेळ काय बोलत होतीस?

तेमी : पोस्ट दिली, अभिनंदन केलं, आणि लगेच म्हणाली, आज रात्री माणूस कमी आहे, तू येशील ना. दरवेळी मलाच विचारतात. सुट्टीच्या दिवशीही.

अलकनंदा : आजच्या दिवशी पण? कमाल आहे! आणि तू हो म्हणालीस, मला माहितेय.

तेमी : नाही म्हणाले. म्हटलं, आज मी दमलेय, नोरीन. आज दुसरं कोणीतरी बघा.

अलकनंदा : मग? चिडली?

तेमी : मी वाट बघत होते चिडण्याची. ‘ग्रँड, ठीक आहे’ म्हणाली, आणि दुसऱ्या कोणाला तरी फोन लावायला गेली.