उभ्या हाताचं माप

नाही हो, करते ना सही, पावतीवर सही करायला कितीसा वेळ लागतो — पण बसा तरी. इकडे बसा, तो बाक डुगडुगतो. गुडघ्यांच्या पट्ट्या, बूट, जर्सी... धुऊन, इस्त्री करून आणलीत? कशाला एवढं. बाकीच्या पोरी घामट बोळा करून फेकतात माझ्या टेबलावर. येणारच नाही म्हणाली? स्वतः म्हणाली? अहो, तेरा वर्षांची पोर ती — आज नाही म्हणेल, उद्या धावत येईल, आणि तुम्ही लगेच सामान परत करायला निघालात.

ती भिंत बघताय होय. मळ नाही तो, खडूचे डाग आहेत. वर्षातून एकदा सगळ्या पोरींची उडी मोजते मी — धावत येऊन नाही, जागच्या जागी. आधी भिंतीला खेटून उभं राहायचं, टाचा टेकलेल्या, बोटांना खडू लावून हात वर — हा खालचा डाग, याला आम्ही उभा हात म्हणतो. मग उडी मारून वरचा डाग. दोन डागांमधलं अंतर म्हणजे उडी. वाढत्या वयात पायांत ताकद येतेय का, ते यावरून कळतं, आणि निवासी केंद्रात कोणाला घ्यायचं तेही वरचे लोक यावरूनच ठरवतात. जागा एकच होती. तुमच्या लेकीची सदतीस सेंटिमीटर भरली, त्या दुसरीची एक्केचाळीस. आकड्यापुढे कोणाचं चालतंय? माझंही चालत नाही.

टेप कशाला काढलात? — हां, तुम्ही सुतार, खिशात असायचीच. मोजा की त्या दुसरीचे डाग. माझं काही म्हणणं नाही. एक्केचाळीसच भरेल... काय? तारखा? वरच्या डागाला गेल्या महिन्याची आहे, खालच्याला वर्षापूर्वीची, बरोबर. सगळ्यांचंच तसं आहे, एकटीचं नाही. चाळीस पोरी होत्या त्या दिवशी, मी एकटी, म्हटलं उभा हात आहे जुना, तोच धरू, नुसत्या उड्या घेऊ. तुम्ही नाही का घाईत — नाही करत तुम्ही. चौकट परत मोजल्याशिवाय दार कापत नसाल. बरोबर आहे. थांबा, ती खिडकी लावते, सारखी आपटतेय.

हे बघा, त्या वयात पोरी भराभर वाढतात. एखादी वर्षभर तेवढीच राहते, तुमच्या लेकीसारखी, आणि एखादी अशी वाढते की घरच्यांनाही पत्ता लागत नाही. हात वर गेला म्हणजे उडी वाढली असं नसतं. उलट हाडं आधी लांबतात, ताकद मागून रखडत येते, उडी काही दिवस कमीच होते — त्यात पोरीचा दोष नसतो. हे मला ठाऊक आहे, सोळा वर्षं मोजतेय मी. तरी भाचीच्या वेळी — हो, ती एक्केचाळीसवाली भाचीच माझी, सख्ख्या भावाची मुलगी. सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हाला नव्हतं?

घाईच होती हो ती. मोजताना घाईच होती, शपथेवर सांगते. पण त्याच संध्याकाळी भावाकडे जेवायला गेले, तर वहिनी पोरीच्या पँटींची पट्टी उसवत बसलेली. म्हणाली, ताई, बघा ना, सगळ्या आखूड झाल्या. जेवण झाल्यावर लाड केल्यासारखं करून पोरीला दाराशी उभी केली, म्हटलं, हात वर कर बघू. जुन्या उभ्या हातापेक्षा सात सेंटिमीटर वर. एक्केचाळीसातून सात गेले, चौतीस. वहिनी म्हणाली, काय झालं? म्हटलं, काही नाही, मोठी झाली. केंद्राकडे यादी दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. गेली म्हणजे — मीच पाठवली.

तुमच्या लेकीनं विचारलं होतं मला. घरी नाही बोलली? बूट काढताना सहज म्हणाली, ताई, या वेळी उभा हात नाही घेतलात. मी म्हटलं, तू उडी मार, मोजायचं माझ्यावर सोड. चार दिवसांनी यायची थांबली.

आणि जिच्यासाठी केलं तिचं तरी काय भलं झालं? केंद्रात पहिल्याच आठवड्यात मोजली, चौतीस भरली. आळशी ठरवून तिला दुप्पट उड्या मारायला लावल्या. गुडघे धरले पोरीचे. काल भाऊ घेऊन आला, जिना एकेक पायरी करत चढली. भाऊ विचारतो, तुझ्याकडे एक्केचाळीस कशी भरली गं? मी म्हटलं, त्यांची भिंत वेगळी असेल.

असे बघू नका. ओरडा तरी.

जागा रिकामी आहे शुक्रवारपर्यंत. एक पत्र लिहायचं, की माप चुकलं, हिची सदतीस खरी आहे. चुकलं लिहिलं तर निभावेल, घाईत होतं म्हणतील. नंतर कळलं होतं, तरी यादी पाठवली, असं लिहिलं तर ही खुर्ची जाईल, भावाचं दार बंद होईल. आणि हे नाही लिहिलं, तर तुमची लेक परत यायची नाही. माप खरं नव्हतं, हे तिला कळलेलं आहे.

ती पावती राहू द्या. सही नाही करत मी. ते सामान उचला, घरी न्या, तिच्या खोलीत ठेवा, काही बोलू नका. आणि जा आता. नाही, जा खरंच — तुम्ही समोर बसलात तर मी बोलतच राहीन, आणि लिहायचं राहून जाईल. दार ओढून घ्या.