दोष माझ्यात हाय, पण ऐकतो कोण!

…हसताय? हसा हसा, तुमचं काय जातंय! पण मला एक सांगा, चोर पकडला तर तो म्हणतो मी नाय त्यातला, पोरगं नापास झालं तर ते म्हणतं मास्तरांचा डोळा हाय माझ्यावर, आणि इथं मी, हा हिरामण, रोह्याच्या कंपनीत शिफ्ट करणारा धडधाकट माणूस, स्वतःच्या तोंडानं, पूर्ण शुद्धीवर असताना सांगतोय की बाबांनो, आम्हाला पोर होत नाय त्यात दोष माझा हाय, माझा, बायकोचा नाय… तर गावातलं एक माणूस विश्वास ठेवील तर शपथ! घसा सुकला सांगून सांगून, पण ऐकतो कोण!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. लग्न झालं नव्वद साली. शहाण्णव उजाडलं तरी घरात पाळणा नाय. या सहा वर्षांत माझ्या बायकोनं, अनितानं, काय काय केलं असेल? सोमवार धरले, मंगळवार धरले, गुरुवार धरले, शुक्रवारी आंबट बंद… म्हणजे बिचारीला धड जेवायला वारच शिल्लक राहीना! वर आमची आई, धोंडुबाई, रोज सकाळी कुठली तरी मुळी उगाळून पाजायची. आणि मी? मी मजेत! मला कोण उपाशी ठेवतंय? मला वरण-भातावर दोन चमचे तूप जास्त, "खा रं बाला, तुझ्या नशिबाला काय आलंय!"

शेवटी पेणला डॉक्टरीणबाईंकडं गेलो. अनिताची तपासणी झाली, सगळं ठणठणीत. बाई म्हणाल्या, "आता मिस्टरांची." मी म्हटलं, "माझी? मला काय धाड भरलीय?" "तेच बघायचंय ना!" हातात ठेवली प्लास्टिकची डबी आणि बोट दाखवलं संडासाकडं. आता त्या दाराला कडी नाय! म्हणजे एका हातानं दार धरायचं आणि… जाऊ द्या, इथं बायामाणसं बसलीयत.

रिपोर्ट आला. बाई म्हणाल्या, "निदान दोन कोटी लागतात, तुमचे साठ लाखच आहेत. त्यातले निम्मे जागचे हलत नाहीत." पण इलाज हाय म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नका म्हणाल्या. न वाटायला काय झालं? खोटं कशाला सांगू, दोन दिवस घास तोंडात फिरत होता. साठ लाखांचं दुःख नव्हतं हो. सहा वर्षं बोलणी खाल्ली तिनं, उपास काढले तिनं, आणि तूप खाल्लं मी! अनिताला म्हटलं, आज सगळ्यांना सांगतो. तर ती भांडी घासत खालच्या मानेनं म्हणते कशी, "नका सांगू कोणाला. तुमचं हसं व्हईल. माझं काय, मला सवय झालीय."

सवय झालीय! तुम्हाला सांगतो, कोणी कानाखाली वाजवली असती तर बरं वाटलं असतं. आणि वेळ थोडा होता, कारण आईनं आणि तिच्या भावानं, आमच्या दाजीमामानं, वरसे गावचं एक स्थळ काढलं होतं. कोणासाठी? माझ्यासाठी! दुसरी बायको! "हिला कुठं टाकायची हाय रं? दोघी नांदतील." पुढच्या रविवारी मुलगी बघायला जायचं ठरवूनसुद्धा आले!

मी पहिला गाठला दाजीमामा. रिपोर्ट पुढं धरला. "मामा, दोष माझ्यात हाय. माझे साठ लाखच हायत." मामा विडी काढून म्हणतो, "साठ लाख? आन् कमी? अरं, आख्ख्या रायगड जिल्ह्यात तेवढी मानसं नायत! आन् लागतो किती? एक!" मग सांगितलं दोस्ताला, रघूला. तर तो माझे हातच धरून बसला, डोळ्यांत पाणी, "हिरामण, तू देवमानूस हायस रं. बायकोसाठी एवढं खोटं कोन बोलतो!" अरे खोटं नाय रे बाबा! पण ऐकतो कोण!

मग आमच्या आळीतली हौसाकाकू. तिला सांगितलं की गावाला दवंडी द्यायला नको, तेवढाच फायदा. हौसाकाकूनं सांगितलंही सगळीकडं… पण काय सांगितलं? "नवरा असावा तर असा गो! बायकोचं खापर सोताच्या डोक्यावर घेतो!" झालं! मी जेवढं खरं बोलतोय तेवढा मी मोठा होतोय, आणि अनिता? नळावर बाया तिला सुनावायला लागल्या, "असा नवरा मिलालाय, आन् तू त्याला एक पोर देवं नाय शकत?" म्हणजे मी तोंड उघडायचं आणि मार तिनं खायचा! आणि आई तर काय, "तुझ्या बापाला आठ झाली. आमच्या घरान्यात असलं काय नाय. शिकवलान हिनं तुला!"

तेव्हा मी ठरवलं, आईला पेणला न्यायची. पण डॉक्टरकडं म्हटलं तर ती यायची नाय, म्हणून म्हटलं, "आई, यंदा गणपती पेणला ठरवू, कारखान्यात." एका पायावर तयार! घरचा पाट घेतला काखेत, त्याच्यावरच मूर्ती बसवून आणायची ना, आणि निघाली. पेणला उतरल्यावर म्हटलं, जाता जाता डॉक्टरीणबाईंकडं दोन मिनिटांचं काम हाय. आता डोळ्यांपुढं आणा, दवाखान्यात रांगेनं जोडपी बसलेली, कोणी कोणाकडं बघत नाय, आणि मधोमध आमची धोंडुबाई मांडीवर पाट घेऊन! शेजारची बाई हळूच विचारते, "मावशी, इथं पाट आणायला लागतो का हो?" आई म्हणते, "मंग? पाटाबिगर तो बसनार कशावर?" त्या बाईनं लगेच नवऱ्याला कोपरानं ढोसलं, "बघा, आपल्याला कोणी सांगितलंच नाय!"

आणि मी कुठं? मी पुन्हा त्या बिनकडीच्या दाराआड, दुसऱ्या तपासणीची डबी घेऊन! बाहेरून आईचा आवाज, "हिरामण! पोट बिघाडलंय का रं? सकालीच बोललू, ती भजी खाव नको!" सांगा, अशात माणसानं काय करायचं?

तरी केलं बाबा. डॉक्टरीणबाईंच्या पाया पडलो, म्हटलं, आईला एकदा त्या बारीक बघायच्या यंत्रातून दाखवाच. बाई चांगल्या, हसल्या आणि हो म्हणाल्या. आईनं पाट माझ्याकडं दिला, एक डोळा मिटला, दुसरा लावला. "काय दिसतंय मावशी?" "पान्यात कायतरी वलवलतंय." "ते तुमच्या मुलाचे. वळवळतात ते कामाचे. पडून राहिलेत ते बिनकामाचे." आई बघतेय… बघतेय… बघतेय… आणि एकदम डोकं वर काढून माझ्याकडं बघून म्हणते, "अगो बाय! ही तं सगली पोचट!"

आता तुम्हाला आमची आई ठाऊक नाय. भात पेरायच्या आधी ती बियाणं मिठाच्या पाण्यात टाकते. पोचट दाणा वर तरंगतो तो काढून टाकायचा, तळाला बसतो तो धुऊन पेरायचा. चाळीस वर्षं हेच करतेय. आणि पेरा उगवला नाय तर ती जमिनीला कधी बोल लावत नाय, आधी बियाणं बघते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आम्हीही तेच करतो मावशी. धुऊन, चांगलं तेवढं वेचून आत सोडतो." आईनं विचारलं, "मीठ किती घालता?" "मीठ नाही घालत हो!" आईनं अशी मान हलवली, जसं काय ह्यांना अजून बरंच शिकायचंय!

मग बाकावर येऊन बसली. पाट मांडीवर घेतला. म्हणाली, "सहा वरसं मी त्या पोरीला मुल्या पाजल्या रं." डोळे पुसले पदरानं. माझेही भरून आले, म्हटलं, बरं झालं, एकदाची पटली.

पटली? अहो, फार पटली! परतीच्या एस्टीत बसल्या बसल्या पुढच्या बाईला सुरुवात, "माझ्या सुनंत कायेक दोष नाय गो बाय! दोष ह्याच्यात हाय!" आणि बोट माझ्याकडं! आख्खी गाडी वळून बघतेय! मी म्हटलं, "आई, हळू." "हलू कशाला? तूच बोंबलत हुतास ना?" नागोठण्याला निम्मी गाडी उतरली, नवीन माणसं चढली, तर त्यांच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून! कंडक्टरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला हो! गणपती ठरवायचा तो राहिलाच, पाट तसाच परत.

घरी आली ती चप्पल न काढता अनितापुढं उभी राहिली. "आजपासून तुझं सगलं वार बंद. आता उपास ह्यानं करायचं." दाजीमामाला निरोप, "वरशाला तूच जा बोहल्यावर!" आणि मामाचाही एका शब्दात विश्वास बसला! मी सांगितलं तेव्हा देवमाणूस, आईनं सांगितलं तेव्हा लगेच पोचट!

पेणच्या फेऱ्या झाल्या. दोनदा नाय जमलं. दोन्ही वेळेला अनिता रडली, मीही रडलो, आणि आई म्हणाली, "दुबार पेरनी करतातच की रं." तिसऱ्यांदा राहिलं! सत्त्याण्णवच्या दिवाळीच्या तोंडावर मुलगी झाली, प्रणिता. कसला आनंद सांगू! पण तेव्हापासून घरात काय बिघडलं की आईचं एकच, पंप पाणी ओढत नाय, दोष ह्याच्यात! म्हैस दूध चोरते, दोष ह्याच्यात! बाबा रे, म्हशीत माझा काय संबंध? पण ऐकतो कोण!

बारशाला आख्खी आळी जमली. हौसाकाकू पाळण्यात वाकून म्हणते, "पोर ग्वाड हाय गो, नाक तेवढं बसकं." आई ताडकन, "बापाचा दोष, दुसरं काय!" सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. आता हे माझं नाक बघा. बघा ना! पोपटासारखं! बसकं नाक अनिताचं हाय, तिच्या माहेरी सगळ्यांचं तसलंच! बोलायला तोंड उघडलं… तर अनिता पाळण्याची दोरी धरून हसत होती. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत हसत होती. लग्न झाल्यापासून तिला एवढं हसताना मी बघितलं नव्हतं.

म्हटलं, "व्हय गो आई, माझाच दोष हाय."

आणि तुम्हाला सांगतो, या दोषाच्या बाबतीत मी खोटं बोललो ते हे एकच… आणि हे बघा, ताबडतोब सगळ्यांना पटलं!