ढेकूण कुणी आणले

नाही नाही, ती चादर झटकू नका ताई — ठेवा, आहे तशीच ठेवा. झटकली की चादरीतले पडद्यावर जातात, पडद्यावरचे कपाटात, आणि मग मला आख्खं घर फिरत बसावं लागतं. असे चारी कोपरे आत घ्यायचे, गाठोडं करायचं, पिशवीत घालायचं, पिशवीचं तोंड बांधायचं आणि मग थेट गरम पाण्यात. कोमट नाही हं, गरम, हात घालवणार नाही असं. छान बांधलीत. आता त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसा, गादीच्या स्टुलावर नको. मी बोलत बोलत काम करतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आमची बायको म्हणते, तुमच्या औषधाने मरत बिरत नाहीत, तुमच्या बोलण्याला कंटाळून घर सोडतात. असेल. घर रिकामं झाल्याशी मतलब.

तर नणंदबाई. आल्या कधी म्हणालात? दोन आठवड्यांपूर्वी, आठ दिवस राहिल्या, आणि त्या गेल्यावर चारच दिवसांत तुमच्या दंडावर ओळीने तीन गांधी. बरोबर? आणि तुमचं म्हणणं, त्यांच्याच बॅगेतून आले, आणि तसं मी कामाच्या कागदावर लिहून द्यावं — बाहेरून आले, खाली सही, शिक्का — म्हणजे तुमच्या मिस्टरांना दाखवता येईल. देतो की. अहो, सगळेच मागतात. झुरळाचं कुणी विचारत नाही कुणी आणलं म्हणून, मुंगीचं नाही, वाळवीचं नाही — वाळवीने दाराची चौकट खाऊन टाकली तरी माणसं म्हणतात लाकूडच हलकं होतं. ढेकूण मात्र नेहमी पाहुण्याचा. बावीस वर्षं हा धंदा करतोय, 'आमचेच आहेत हो' असं म्हणणारं एक घर मला भेटलेलं नाही. माझं धरून.

हसा, हसा. पेस्ट कंट्रोलवाल्याच्या घरात ढेकूण. माझ्या स्कूटरवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'एकही उरणार नाही', आणि रात्रभर मीच खाजवतोय. तीन वर्षं झाली. आमचा दादा आला होता राहायला — थोरला भाऊ, घड्याळं दुरुस्त करायचा — त्याच्या घराचं छत गळत होतं, ते काम होईपर्यंत पंधरा दिवस. पाठ धरते म्हणून स्वतःची कापसाची गादी घेऊन आला, गुंडाळून, सुतळीने बांधून. आणि दहाव्या दिवशी आमच्याकडे ढेकूण. मी म्हटलं, ही गादी. फवारली, काळ्या पिशवीत कोंबली, आणि दुपारच्या गाडीने दादा गादीसकट परत. भाऊ म्हणून गय केली नाही. ही गोष्ट मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो. बरी पडते — माणूस हसतो, त्याची लाज जाते, आणि पाहुण्याला नावं ठेवायला मोकळा होतो. दादा येतोय आता बुधवारी, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. डोळ्यांचं हॉस्पिटल आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. पण उतरणार लॉजवर. म्हणतो, नको रे, मागच्यासारखं परत तुझ्या घरात काही यायला नको. असा आहे तो. — बरं, तो टॉर्च देता का जरा? तुमच्या पायाशी आहे.

ही खिडकीतली कुंडी कुणाची? तुमची? मग जरा पानं उलटी करून बघत जा, पानाच्या तोंडावर काही नसतं, सगळं पोटाशी असतं. हे पांढरं कापसासारखं दिसतंय ना, देठाच्या बेचक्यात — हाही ढेकूणच, पिठ्या ढेकूण, पण हा माणसाला काही करत नाही, झाडाचा रस पितो. आणि या मुंग्या त्याच्यासाठीच येताहेत, त्याचं गोड चाटायला. तुम्ही मुंग्यांवर खडू मारत बसलायत. मुंग्या काय, त्या पंगतीला आल्यात, यजमान वर बसलाय. साबणाच्या पाण्यात कापड बुडवायचं आणि पुसून काढायचं, चार दिवसांनी परत. संपलं. आणि सिंकखालचा पाइप भिंतीत शिरतो तिथे भोक आहे, मघाशी बघितलं, ते सिमेंटने बुजवून घ्या, नाहीतर झुरळांसाठी मला दर महिन्याला बोलवाल. मी येईन. पण मग बोलणंही ऐकावं लागेल.

हां, आता पलंग. ही उशाकडची फळी काढतो — दोनच स्क्रू आहेत — धरा जरा त्या बाजूने, सोडू नका — हं. — हं.

तुम्ही नका वाकू. मी दाखवतो तेवढं बघा. हे काळे ठिपके, टाचणीच्या डोक्याएवढे, बोट ओलं करून पुसले की लालसर पसरतात. ही त्यांची घाण. या पिवळट पापुद्र्यासारख्या दिसतात त्या काती. ढेकूण मोठा होताना पाच वेळा कात टाकतो, दर वेळी पोटभर पिऊन. आणि इथे काती किती आहेत बघा. लहान, मध्यम, मोठ्या, आजोबांपासून पणतवंडांपर्यंत. अंड्यातून निघून स्वतः अंडी घालण्याजोगा व्हायला त्याला दीड-दोन महिने लागतात. मग हे एवढं गोत व्हायला — मी आपला अंदाज सांगतो — सहा महिने. कमी नाही. नणंदबाई झोपायच्या कुठे? बाहेरच्या खोलीत, सोफ्यावर. तो सोफा मी आल्या आल्या बघितला, पार शिवणी उसवून. तिथे काही नाही.

नाही, चावत होतेच की. आधीही चावत होते. सगळ्यांना गांधी उठतात असं नाही, काहींना महिनोन् महिने कळतच नाही. आणि यात घाणेरडेपणाचं काही नाही ताई, हे तुमचं घर माझ्या घरापेक्षा चारपट स्वच्छ आहे. जुनं कपाट घेतलं असेल कुणाकडून, सिनेमाच्या खुर्चीतून आला असेल, बसमधून आला असेल. एक गाभण मादी पुरते. पण बॅग नणंदबाईंची नव्हती.

फोनवर बोललात का तुम्ही त्यांना? — काय म्हणालात? — असं म्हणालात. हं.

काय? माझ्या पलंगाला? माझ्या पलंगाला होते का ठिपके? — कमाल आहे तुमची. तीन वर्षं ही गोष्ट सांगतोय मी, घरोघर, आजपर्यंत कुणी हे विचारलं नाही. होते ना. न असायला काय झालं. दादा आला त्याच्या दहाव्या दिवशी, आणि आमच्या फळीमागे हे असंच, काती, ठिपके, सगळं. मी काय काल धंद्यात आलोय? तुमच्याकडे अर्ध्या मिनिटात कळलं ते माझ्या घरात कळलं नसेल? पण मी फळीच काढली नव्हती. दुसऱ्यांच्या घरात पहिला हात फळीला, आणि स्वतःच्या घरात पहिला हात भावाच्या गादीला. फळी काढली ती तो गेल्यावर.

म्हणजे आधी कळलं नव्हतं असं म्हणायला मला जागा आहे, तसं नाही का? — नाही. तेही नाही. आता निघालंच आहे तर ऐका. दादाची गादी फवारायची म्हणून मी ही पिशवी काढली, हीच, ही कामाची. ही कुठे ठेवायचो मी? पलंगाखाली. दिवसभर ज्यांच्या घरी ढेकूण त्यांच्या घरी ही जमिनीवर टेकायची, आणि संध्याकाळी माझ्या डोक्याखाली. नवीन पोराला पहिल्या दिवशी शिकवतो मी, की बाबा, पिशवी उन्हात, दाराबाहेर, घरात नाही. आणि स्वतः — कशाला, मला काय होतंय. तर दादा समोर उभा होता, गादी दोन्ही हातांनी उभी धरून, मला फवारता यावं म्हणून. मी पिशवीची चेन उघडली आणि चेनच्या शिवणीत तीन. चांगले पोसलेले. सरकतसुद्धा नव्हते, घरचेच ते, कशाला घाबरतील.

मी चेन ओढून घेतली. आणि दादाची गादी फवारली. का म्हणजे? दारात शेजारचे दोघं उभे होते, त्यांच्या घराचं काम त्याच आठवड्यात ठरायचं होतं. खरं सांगायचं तर ते नसते तरी मी बोललो नसतो. भावासमोर मला हुशार दिसायचं होतं. लहानपणापासून घरात हुशार तोच, बारीकसारीक काटे-चाकं चिमट्याने बसवणारा, आणि मी औषध मारणारा. त्या दिवशी पहिल्यांदा मला जे दिसत होतं ते त्याला दिसत नव्हतं. त्याची नजर तेव्हाच उतरली होती. गादी डोळ्यांजवळ नेऊन नेऊन बघत होता बिचारा, आणि म्हणाला, मला तर काही दिसत नाही रे, पण तुझा धंदा आहे, तू म्हणतोस तर असेल. आणि ती काळी पिशवी खांद्यावर टाकून तीन जिने उतरला. शेजारचे भिंतीला चिकटून उभे राहिले, त्याचा धक्का लागू नये म्हणून. त्यांचं काम मला मिळालं.

तेव्हापासून तो येतो ना, तर दारातच उभा राहतो. आत ये म्हटलं तरी नाही. आमची बायको खुर्ची आणून ठेवते, तर बसत नाही, म्हणतो, कपड्यात काही असलं तर? कपडे उकळून घालतो हो तो. घड्याळजी माणूस, इस्त्रीशिवाय बाहेर न पडणारा, त्याचे शर्ट उकळून उकळून पोतेऱ्यासारखे झालेत. आणि दर फोनला पहिलं वाक्य, गेले का रे ते सगळे, माझ्यामुळे तुला ताप झाला. मी म्हणतो, गेले, सोड ते आता. माफ करतो मी त्याला. दर वेळी. लाज वाटते ताई मला माझी. गिऱ्हाइकांना गोष्ट सांगताना नाही वाटत, पण त्याचे शर्ट बघितले की वाटते.

तर मी तुम्हाला कागदावर लिहून देणार ते हे — याच पलंगातले, किमान सहा महिने जुने. वाचून दाखवू? तुम्हाला हवं होतं ते नाही, मला माहीत आहे. पण तुम्ही नणंदबाईंना फोन करा. आजच. पहिल्या आठवड्यात माणसाला सांगता येतं. नंतर समोरचाच माफी मागायला लागतो, आणि मग आपल्याला मध्ये बोलायला जागाच राहत नाही. ऐका माझं, त्या कपडे उकळायला लागायच्या आत करा.

काय म्हणालात?

नाही. दादाला मी अजून नाही सांगितलेलं. — तो लॉज आहे ना, दादा उतरणार तो, हॉस्पिटलच्या समोरचा, तो माझंच गिऱ्हाईक आहे. दर तीन महिन्यांनी बोलावतात. पलंग भरलेत ढेकणांनी, मलाच माहीत आहे काय आहे तिथे. आणि हा डोळ्याला पट्टी बांधून तिथे झोपणार, का, तर माझ्या घरात ढेकूण नकोत. म्हणून मी काल गेलो होतो. दादाकडे नाही, लॉजवर. मॅनेजरकडून त्याच्या नावाची खोली कुठली ते काढून घेतलं आणि साडेतीन तास ती एकच खोली करत बसलो. पलंग पार सुटा केला. पडदे उतरवले, स्विचची झाकणं काढली, शिवणी एकेक करून बघितल्या. एवढं काम आयुष्यात कुणाकडे केलेलं नाही मी. फोन खिशातच होता.

उठा ताई. पंप सुरू करायचाय, तो चालू असला की मला काही ऐकू येत नाही. चार तास या खोलीत कुणी यायचं नाही. कुंडी घेऊन जा बरोबर. आणि दार ओढून घ्या.