तिच्यासाठी वेगळे बन

वडील : अगं, अगं, हात काढ त्या परातीतून! तुला कुणी सांगितलं मळायला?

लेक : सांगायला कशाला हवं कुणी? येऊन बघते तर तुम्ही दूध आणायला गेलेले, पीठ झाकून ठेवलेलं. म्हटलं, आज अण्णांच्या आधी आपणच गोळे वळून टाकू. वेलचीचा वास काय सुटलाय! जायफळही आहे ना?

वडील : आहे. सर बाजूला. बेकरीत होतो तेव्हाही माझ्या पिठाला दुसऱ्याचा हात लागू दिला नाही मी.

लेक : बेकरी विकलीत ना आता? मग लेकीला शिकवा. मला गहू चालत नाही, म्हणून हे बिनगव्हाचे बन घरी कितीदा करून पाहिले मी. तुम्ही सांगता तसंच सगळं, तांदळाचं पीठ, बटाट्याचा स्टार्च, इसबगोल. तरी नुसता लगदा. वळायला जावं तर फाटतो, भाजला की वीट. तुमच्या जावयांनी एक बन दाराला लावून ठेवला, वाऱ्यानं आपटू नये म्हणून.

वडील : हाताला सवय लागावी लागते त्याची. जा, हात धू. आई चहा ठेवतेय.

लेक : पण हे बघा ना, हे फाटतच नाहीये. ओढलं तरी... अण्णा, हे ताणलं जातंय.

वडील : इसबगोल आहे त्यात.

लेक : इसबगोल मीही घालते. त्यानं पीठ धरून राहतं, असं रबरासारखं मागे नाही येत. लहानपणी तुम्हीच दाखवायचात ना, पिठाचा तुकडा ताणून दिव्यासमोर धरायचा. पडद्यासारखा पातळ झाला आणि फाटला नाही, की मैदा नीट मळला गेला. हे बघा. माझी बोटं दिसताहेत पलीकडून.

वडील : खाली ठेव ते.

लेक : यात मैदा आहे?

वडील : पडला असेल चुकून. डबे शेजारी शेजारी असतात.

लेक : आज चुकून पडला. मागच्या रविवारचे बन याहून मऊ होते. त्यात?

वडील : अण्णांची उलटतपासणी घेतेस?

लेक : अण्णा, त्यात होता का मैदा?

वडील : मूठभर गं. एवढ्या परातीला एक मूठ, विरजण लावावं तेवढा. त्याशिवाय उभेच राहत नाहीत ते.

आई : चहा गाळला. काय चाललंय दोघांचं?

लेक : आई, हे माझ्या बनमध्ये मैदा घालतात. मूठभर, म्हणे.

आई : मूठभर कसला...

(आई चहाचा ट्रे हातात घेऊन दारातच थांबते.)

लेक : मग किती?

वडील : तू आत जा गं.

लेक : नाही, थांब आई. मग किती?

आई : आधी मूठच होती. मग वाढत गेला. आता निम्मा असतो.

लेक : म्हणजे तुला माहीत होतं.

आई : तू बस आधी. पाणी देऊ?

लेक : दवाखान्यात माझ्यापाशी होतीस तू. सलाईन चालू होतं. डॉक्टर विचारत होते, गहू पोटात जातोय कुठून तरी, आठवून बघा. मी म्हटलं, माहेरी बन खाते, पण ते माझे वडील माझ्यासाठी वेगळे करतात. बेकरीवाले आहेत, त्यांना सगळं कळतं. अभिमानानं सांगितलं मी! आणि तू माझे पाय दाबत होतीस, आई.

आई : माझ्या ओठावर आलं होतं गं...

लेक : आणि गिळलंस.

वडील : तिला काही बोलू नकोस. केलं ते मी केलं. अगं, भट्टीसमोर रांगायला शिकलीस तू, पावाच्या तुकड्यावर वाढलीस. एकाएकी गहू बाधतो म्हणजे काय? मला पटलंच नाही ते.

लेक : पटलं नाही म्हणून करून बघितलंत? माझ्यावर?

वडील : असं बोलू नकोस! पहिले बन केले ते दगड झाले होते. तू चहात बुडवून गिळलेस, वर छान झालेत म्हणालीस. माझ्या बनसाठी लोक दार उघडायच्या आधी येऊन उभे राहायचे, आणि माझीच लेक ते कीव करून खातेय. नाही बघवलं मला. पुढच्या खेपेला जरासा मैदा घातला, तर दोन खाल्लेस, तिसरा मागितलास. कशी हसली होतीस तू.

लेक : आणि घरी जाऊन आडवी झाले होते.

वडील : ते मला कुठं दिसलं?

लेक : तुम्हाला नाही दिसलं. हिला दिसत होतं. दर वेळी फोन करायचे मी हिला. आई, पुन्हा पोट बिघडलं, आई, केसांचे पुंजके हातात येताहेत. तू म्हणायचीस, सासरी नीट लक्ष ठेव स्वयंपाकावर.

आई : काय बोलणार होते मी?

लेक : तू म्हणालीस म्हणून ठेवलं लक्ष. सासूबाईंवर ठेवलं. त्यांच्या हातचं खाणं सोडलं. पाहुण्यांसमोर विचारलं त्यांना, माझ्या जेवणात काय मिसळता? तेव्हापासून माझं ताट वाढण्याआधी मला धुऊन दाखवतात. रोज. वय बघ त्यांचं.

आई : मला माफ कर. पण तुला ठाऊक नाही, बेकरी विकल्यावर हे कसे झाले होते. भिंतीकडे तोंड करून बसायचे. हाक मारली तरी ओ नाही. तुझ्या बनचं निघालं आणि हे उठले, मापं घेऊन बसले, माझ्याशी बोलायला लागले. घरात माणूस परत आला गं माझा. कोणत्या तोंडानं थांबवू त्यांना?

लेक : आणि मी हातची चालले होते, ते?

आई : इतकं होईल असं वाटलं नाही.

लेक : वाटलं नाही, की वाटून घेतलं नाहीस?

वडील : पुरे आता. थांब, तुझ्यासमोर नवीन पीठ भिजवतो. हा मैदा आत्ता टाकून देतो. परात घासतो, ओव्हन पुसतो. तू इथं स्टुलावर बस आणि बघ.

लेक : नको, अण्णा.

वडील : चपटे होऊ देत. दगड होऊ देत. पण चोख करीन.

लेक : कराल हो. पण मी बघत बसू का? माझ्याच माहेरी, माझ्याच वडिलांच्या हातांवर पहारा ठेवून? डॉक्टरांना विचारलं होतं मी, सगळं पाळूनही बरी का होत नाही. आणखी कडक औषधं सांगितली त्यांनी, ती चालू असताना मूल होण्याचा विचारही करू नका म्हणाले. आम्ही दोघांनी तो विचार सोडला होता, अण्णा. सोडून रडून झालं होतं.

वडील : हे... हे मला कुणी सांगितलं नाही.

लेक : हिला सांगितलं होतं.

वडील : काय गं? तुला माहीत होतं हे?

आई : चहा निवतोय.

वडील : तुला विचारतोय मी!

लेक : भांडू नका आता. माझ्यामागे भांडा. हा नळ कुठल्या बाजूला फिरवायचा, आई? गरम पाणी हवंय. नखांत गेलंय पीठ.

आई : डावीकडे. इतक्यात निघालीस?

लेक : सासूबाई जेवायच्या थांबल्या असतील. त्यांच्यापाशी बसायचंय मला आज.

आई : त्यांना सगळं सांगणार? अगं, काय म्हणतील आम्हाला?

लेक : त्या मला काय म्हणतात, ते आधी ऐकायचंय.

वडील : रविवारी येशील ना, चिमणे?

लेक : येईन की. आईबापाला कुठं टाकता येतं?

वडील : मग काय करून ठेवू?

लेक : काही करू नका, अण्णा. मी जेवून येईन.