नुसतं बटण

दवाखान्यात ती आपल्या नंबराची वाट पाहत बसली होती. शेजारी बसलेल्या अंध काकांच्या, पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या फोनवर तिनेच बनवलेली बसच्या तिकिटांची साइट उघडी होती.

"काय म्हणतोय फोन?" सोबतच्या काकूंनी विचारलं.

"बटण."

"कसलं?"

"नुसतं बटण. पुढचंही बटणच."

"द्या इकडे, मी काढते तिकीट."

"माझ्या बहिणीकडे जायचंय. मीच काढणार."

"मागे अंदाजाने दाबलंत आणि काढलेलं तिकीट रद्द केलंत!"

"साइटवाल्यांनी बटणांना नावं ठेवली नाहीत, म्हणून मी त्यांना नावं ठेवतोय."

तिने ओशाळून लॅपटॉप उघडला.

"काका, ही साइट मीच बनवलीय. पाच मिनिटं द्या."

"दहा घे, बाळ."

थोड्या वेळाने फोन बोलला, "खिडकीजवळची जागा, बटण."

काकांनी झटकन दाबलं.

"अहो, तुम्हाला खिडकी कशाला?"

"वारा काय डोळ्यांना लागतो?"