मुठीतलं सिम

परवा परभणीत माझी बोबडीच वळली राव. गावाकडं शेतातली पाण्याची मोटर चालूच राहिली. तिच्या स्टार्टरमधल्या सिमला फोन लावला की ती बंद होते, पण माझ्याच नंबरवरून. आन नेमका फोन हँग. पाणी शेजाऱ्यानं वाळू घातलेल्या हळदीत घुसणार.

पळत मोबाईलच्या दुकानात गेलो. दुकानदारानं सिम काढून माझ्या हातात दिलं. म्हणला, "मामा, सॉफ्टवेअर मारावं लागंल. फोटो सगळे उडतील."

पोरीच्या लग्नाचे फोटो त्यातच होते. तरी म्हणलं, "मार, पण लवकर."

फोन चालू झाला. सिम टाकून फोन लावला, मोटर बंद केली, घाम पुसला.

दुकानदाराला मोटरीचं सांगितलं, तर तो म्हणला, "मोटरीसाठी घाई होती व्हय? सिम तर मगापासून तुमच्या मुठीतच होतं, मामा. माझ्या फोनात टाकून लावला असता की."